दाजींचं सर्वव्यापी यीस्ट

सदाहरित पावसाळी जंगलातल्या एकूण एक फळावर एकच यीस्ट राहतं, असा शोध दाजींनी लावला. रानअंजिरावर तेच, उंच शेंड्यावरच्या आंबट फळावर तेच आणि माकडांनी तोंड वाकडं करून फेकलेल्या फळावरही तेच. असं सहसा होत नाही. रानात जवळजवळ प्रत्येक झाडाच्या फळावर आपापली यीस्टमंडळी असतात. सालीवरच्या पांढुरक्या थरात ती सुखाने नांदतात आणि साल फुटली की आतल्या गोडव्यावर तुटून पडतात. पण ‘सहसा’ हा शब्द दाजींना ठाऊक नव्हता.

प्रयोगशाळेत सगळे त्यांना सर म्हणत. त्यांची मेहुणीही तिथे सरच म्हणे. ताईच्या नवऱ्याच्या हाताखाली राबण्याची हौस कुणाला असते? पण तिची नोकरी हंगामी होती. शोधनिबंधावर दुसरं नाव तिचं होतं आणि तो छापून आला की ती कायम होणार, असं ठरलं होतं. पत्रकारांना बोलावणं गेलं होतं. यीस्टला दाजींनी स्वतःचंच नाव दिलं होतं. जनुकीय तपासणी राहिली होती, पण ते म्हणाले, “आधी बारसं होऊ दे, ओळख मागाहून पटवू.”

जंगलात त्यांनी तिला नेलं नव्हतं. तिथे बायकांची आबाळ होते म्हणे. स्वतः मात्र घडीची खुर्ची, उशी आणि व्हिडिओ काढायला एक माणूस घेऊन गेले होते.

तिला खटकलं ते यीस्टचं वागणं. गार खोलीत ते मरगळून पडे. माणसाच्या अंगाइतकी ऊब दिली की सासुरवाडीला आलेल्या जावयासारखं फुगे. रानातल्या फळाला एवढी ऊब कोण देतं? म्हणून तिने तो व्हिडिओ लावला. दाजी फळ तोडत होते, चावा घेत होते, डोळे मिटून मान डोलावत होते आणि उरलेलं नमुन्याच्या पिशवीत टाकत होते. झाडामागून झाड, हेच.

ती तडक त्यांच्या खोलीत गेली.

“सर, फळं चाखलीत तुम्ही?”

“मग? चव घेतल्याशिवाय फळ कळतं होय?”

“सगळी?”

“एकूण एक! काही तर जहर कडू. विज्ञानासाठी माणूस काय काय गिळतो, तुला कल्पना नाही.”

“दाजी, जीभ काढा बघू.”

मेहुणीला आपल्या प्रकृतीची काळजी वाटली, असं समजून दाजींनी जीभ ऐटीत काढली. तिने कापसाचा बोळा फिरवला आणि प्लेटवर ओढला. यथावकाश त्या प्लेटवर तेच यीस्ट उगवलं. शेजारच्या संस्थेतून तिने जनुकीय तपासणीही करून आणली. माणसाच्या तोंडात राहणारं, अतिपरिचित यीस्ट. स्वतःचं नाव देण्यात तेवढी दाजींची चूक झाली नव्हती.

“जंगल उष्टं करून आलात, दाजी.”

दाजींनी प्लेट उजेडात धरली. त्यांचा चेहरा उजळला. “म्हणजे माझ्यापर्यंतसुद्धा पोचलंय! माणूस आणि अरण्याचं नातं! अगं, हा तर आणखी मोठा शोध!”

“जंगलात जायच्या आधीपासून आहे ते तुमच्या तोंडात. निम्म्या जगाच्या असतं.”

“तेच तर मी म्हणतोय. सर्वव्यापी!”

तिने हात जोडले. “माझं नाव काढा त्यातून.”

“डोकं फिरलंय का? कायम होशील तू.”

“हंगामी अब्रू तरी राहू दे मला.”

ते हसले. नवख्यांना मोठा विचार झेपत नाही, असं म्हणाले आणि पत्रकारांसाठी कोट झटकू लागले. तिने राजीनामा त्यांच्या टेबलावर ठेवला, शोधनिबंध छापणाऱ्या संपादकांना दोन ओळी कळवल्या आणि घरी जाऊन चहा टाकला. पहिला घोट घेते तोच ताईचा फोन.

“अगं, तू ह्यांच्यावर जळतेस म्हणे. नोकरीसुद्धा सोडलीस?”

“सोडली.”

“आणि ह्यांच्या तोंडात काय निघालं म्हणतेस?”

तिने सगळं सांगितलं. मग ताई आवाज खाली आणून म्हणाली, “खरं सांग हं. एका घरात राहून लागतं का गं ते?”

“यीस्टचं काही मनावर घेऊ नकोस, ताई. बाकीचं लागणार नाही, याची मात्र खात्री देत नाही.”