लाल रिंगचे दाते

न्हाणीघराच्या भिंतीतल्या मिक्सरमधून नऊ वस्तू निघाल्या. दांडी, तिच्यावरची लाल-निळी टिकली, टिकलीमागचा बारीक स्क्रू, घुमटासारखं झाकण, पितळी नट, दात्यांची लाल रिंग, गरम-थंड पाणी जिथे एकत्र होतं ते कार्ट्रिज आणि त्याखालचे दोन रबरी वॉशर. धाकट्याने त्या निघाल्या त्याच क्रमाने टॉवेलवर मांडल्या. रिंग उचलण्याआधी तिचा कोणता दाता कुठे बसलाय, तिथे त्याने पेन्सिलने रेघ मारली होती. एकवीस वर्षं तो नळकाम करत होता, पण इतकं जपून त्याने एकही नळ उघडला नव्हता.

बाहेरच्या खोलीतून दादाचा आवाज येत होता.

"सही करायला हात लागतो, पाना लागत नाही! काय चाललंय इंजिनिअरसाहेबांचं?"

टेबलावर अर्ज पडला होता. आई इस्पितळातून सुटली की तिला थेट आजारी वृद्धांच्या संस्थेत ठेवायचं, घरी आणायचं नाही. तिन्ही मुलांच्या सह्या हव्या होत्या. दादाने केली होती. ताईनेही केली होती, आणि हेच धाकट्याच्या घशाखाली उतरत नव्हतं. अकरा वर्षं आईला हिनेच सांभाळलं होतं. अर्जात कारणाच्या रकान्यात दादाने लिहिलं होतं: घरी देखभालीत निष्काळजीपणा. त्याच्याखाली ताईची सही होती, शाळेतल्यासारखी, पूर्ण नावाची.

आईच्या पायांची संवेदना मधुमेहाने कधीच गेली होती. गेल्या रविवारी सकाळी ती न्हाणीघरात खुर्चीवर बसून हातातल्या शॉवरने पायांवर पाणी घेत होती. ताई टॉवेल आणायला गेली. परत आली तेव्हा दारातून वाफ येत होती, जाळीत केस अडकल्याने पाणी घोट्यापर्यंत तुंबलं होतं आणि आई त्यात पाय सोडून निवांत बसली होती. "आज छान गरम आलंय गं," असं म्हणाली ती. उजव्या पायाचं कातडं मोज्यासारखं सुटलं होतं. तो पाय राहील की नाही, हे डॉक्टर अजून सांगत नव्हते.

मिक्सर गळत होता म्हणून आदल्याच दिवशी, शनिवारी, धाकट्याने तो दुरुस्त केला होता. इस्पितळाच्या जिन्यात दादाने विचारलं, तेव्हा तो छातीठोकपणे म्हणाला होता, "मी मोजलंय. दांडी पूर्ण गरमकडे फिरवली, बेचाळीस अंश. त्यापुढे रिंग जाऊच देत नाही. मागाहून कुणी गीझरचं तापमानाचं बटण वाढवलं असेल तर मी काय करणार?"

घरात कुणी म्हणजे कोण, हे सांगायची गरज नव्हती. ताई भिंतीला टेकून म्हणाली होती, "लागला असेल माझाच हात. पुसताना."

आता त्याने कार्ट्रिज उजेडात धरलं. कुठे तडा असावा, एवढीच त्याची इच्छा होती. तडा नव्हता. वॉशर मऊ होते, नवे होते, त्यानेच घातलेले. मग तो स्टुलावर चढला आणि गीझरचं बटण बघितलं. बटणावरच्या झाकणाला त्याने शनिवारी पांढरी टेप लावली होती, टोक दुमडून, त्याच्या सवयीप्रमाणे. टेप तशीच होती. टोकही दुमडलेलं.

म्हणजे बटणाला कुणीच हात लावला नव्हता.

तो स्टुलावरून उतरला आणि खुर्चीवर बसला. शनिवारचं एकेक काम त्याने उलट क्रमाने आठवलं. गीझरचा व्हॉल्व्ह जाम होता. म्हणून गच्चीवरून पाणी बंद केलं. गीझर जवळजवळ रिकामा करावा लागला. काम झाल्यावर तो गार पाण्याने भरला, चालू केला, आणि... ताईने पान वाढलं होतं. "घरचंच तर काम आहे, ये जेवायला," ती म्हणाली. गिऱ्हाइकाकडे तो गीझरचा दिवा विझेपर्यंत, म्हणजे पाणी पुरतं तापेपर्यंत, कधीच मोजमाप घेत नसे. इथे त्याने दिवा पेटलेला असतानाच थर्मामीटर धरला, बेचाळीस बघितले आणि तिथेच रिंग पक्की केली. कोमट गीझरवर बांधलेली मर्यादा. जाताना आईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आता शेवटपर्यंत फिरव, भाजणार नाही."

 जाळीजवळ ओणवून त्याने तांब्यातल्या पाण्याने तोंड धुतलं.

रिंग तळहातावर होती. तीन दाते मागे, बस. पेन्सिलची रेघ अंगठ्याने पुसली जाईल. मग पाणी बेचाळीसच येईल, आज आणि कायम, आणि कुणालाही काही विचारावं लागणार नाही. त्याने वॉशर आणि कार्ट्रिज परत भिंतीत बसवलं आणि रिंग तीन दाते मागे धरून बघितली. चपखल बसली.

"अरे, मला साडेबाराला त्या संस्थेत पोचायचंय!" दादा दारात आला. "काय सापडलं का?"

"थांब जरा."

"आठ दिवस थांबलोच आहे. आईला भाजताना हिला फोनवर बोलायला सवड—"

"टॉवेल आणायला गेले होते रे मी," आतून ताई म्हणाली. त्या आवाजात वाद नव्हता.

धाकट्याने रिंग उचलली, रेघेवर आणली आणि दाबली. नट आवळला, झाकण, दांडी, स्क्रू, टिकली. गच्चीवर जाऊन पाणी सोडलं, गीझर चालू केला.

"दिवा विझू दे," तो म्हणाला.

"आता हा कुठला खेळ?"

"दादा, तू इथेच उभा राहा. ताई, तूही ये."

तेवीस मिनिटं गेली. दिवा विझला. धाकट्याने बादली खाली ठेवली आणि थर्मामीटर ताईच्या हातात दिला. तिने तो नको नको म्हणत धरला.

"ही रिंग शनिवारी जिथे बसवली, तिथेच आहे," तो दादाकडे बघत म्हणाला. "मी बसवली. गीझरचं बटणही मी लावलं तसंच आहे, टेप बघ. पाणी तापायच्या आधीच मोजलं मी. हिचा हात कशालाच लागलेला नाही."

दादाने टेपकडे बघितलं. 

धाकट्याने दांडी गरमकडे शेवटपर्यंत फिरवली आणि घड्याळ लावलं. बादलीतून वाफ वर आली. त्याने ताईचं मनगट धरून थर्मामीटर पाण्यात बुडवला.

"वाच," तो म्हणाला. "मोठ्याने."

साठ सेकंदांनंतर पाणी एकसष्ट अंशांवर होतं.