उजवा अजून वर आहे

मी उजवीकडचा बोलतोय. डावीकडचा फारसा बोलत नाही. त्याचं सगळं वेळेवर झालं, त्यामुळे त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नाही.

मी सिलिकॉनचा. जन्म परदेशातल्या एका कारखान्यात. तिथली माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत असतात आणि कामाशिवाय बोलत नाहीत. त्यांनी आम्हा दोघांना ताणलं, दाबलं, तोललं, आणि आमच्यात काडीचाही फरक नाही अशी खात्री करून डब्यात बंद केलं. पुढे आमच्यातल्या फरकावरून येरवड्यातल्या एका घरात एवढा गहजब होईल, हे त्यांना सांगूनही पटलं नसतं.

आम्ही पूर्णिमाच्या छातीत राहायला आलो. पूर्णिमा जलसंपदा खात्यात अभियंता, चाळिशीला टेकलेली. लग्न झालं होतं, मोडलं होतं, आणि त्याचा माझ्याशी काही संबंध नव्हता. ती आईबरोबर राहते. आई म्हणजे चंद्रभागाबाई. येरवड्याच्या तुरुंगात बायकांच्या विभागात रक्षक होत्या, आता निवृत्त. त्यांचा आवाज बरगड्यांच्या आतही स्वच्छ ऐकू येतो.

आईला खरं सांगायची पूर्णिमाला लाज वाटली. म्हणून तिनं सांगितलं, "छातीत छोटीशी गाठ आहे, काढून टाकणार आहेत. काळजीचं काही नाही."

चंद्रभागाबाईंनी गॅस बंद केला आणि "कधी?" एवढंच विचारलं. पुढे काही विचारलं नाही. पूर्णिमाला वाटलं, सुटले.

शस्त्रक्रिया ठीक झाली. आम्हाला स्नायूखाली बसवलं होतं. सुरुवातीला आम्ही दोघंही बरेच वर होतो, गळ्याशी गप्पा मारायला निघाल्यासारखे. डॉक्टर ऋचांनी आधीच सांगून ठेवलं होतं, की सूज उतरली, स्नायू सैल झाला, की दोघं खाली येऊन बसतील. दोघं एकदमच येतील असं मात्र नाही.

डावा आला. मी आलो नाही.

मी अडून बसलो होतो असं कुणाला वाटू नये. पूर्णिमा उजव्या हाताची. त्या बाजूचा स्नायू जन्मभर कामाला जुंपलेला, घट्ट. त्यानं मला धरून ठेवलं होतं आणि मला हात नाहीत.

पूर्णिमाचा सगळा जन्म पाण्याची पातळी मोजण्यात गेलेला. तिनं कपाटातून पाणसळ काढली, ती बुडबुड्याची, भिंत सरळ आहे का बघायची, आणि आरशासमोर उभी राहून छातीला आडवी लावली. बुडबुडा एका टोकाला गेला तो तिथेच राहिला. ती पलंगावर बसली आणि बराच वेळ उठली नाही.

"एक अजून वर आहे, मॅडम," तिनं डॉक्टरांना सांगितलं.

"दिसतंय मला," डॉक्टर ऋचा म्हणाल्या. त्यांनी वरून बांधायचा रुंद पट्टा दिला आणि तळव्यानं खाली कसं दाबायचं ते दाखवलं. "ताप आला, लाल झालं, एकाएकी सुजलं किंवा दुखलं, तर तशाच उठून या. नुसतं वर-खाली असेल तर थांबा."

"किती?"

"काही महिने."

पूर्णिमाला काही महिने हे उत्तर सरकारी वाटलं. ती स्वतः लोकांना तेच देत असे.

इकडे घरात चंद्रभागाबाई तिच्याशी प्रेमानं बोलू लागल्या होत्या. तिथेच तिनं ओळखायला हवं होतं. ज्या बाईनं तिला जन्मात "ऊठ" आणि "जेव" याखेरीज काही म्हटलं नव्हतं, ती आता "बाळा, दूध घेतेस का?" विचारत होती. दौंडहून पोपटमामा डाळिंबांची पिशवी घेऊन आले आणि तिच्या पट्ट्याकडे न बघता भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे बघत म्हणाले, "हिंमत सोडायची नाही."

मग एका रविवारी सकाळी घरी भंतेजी आले. चंद्रभागाबाईंनी लेकीच्या प्रकृतीसाठी परित्राण पाठ ठेवला होता. विहारातल्या बायका पांढऱ्या साड्या नेसून आल्या, बाहेरच्या खोलीत दाटीवाटीनं बसल्या. पाठाचा पांढरा दोरा सगळ्यांच्या हातातून फिरत पूर्णिमाच्या हातात आला. भंतेजींचा आवाज शांत, एका लयीत चाललेला. हृदयाच्या शेजारी राहण्याचा मान डाव्याचा आहे, तरी त्या दिवशी धडधड मलाही ऐकू आली.

पाठ संपल्यावर एका म्हाताऱ्या बाईनं पूर्णिमाच्या गालावरून हात फिरवला. "आमच्या सुनेचंही असंच होतं. ती गेली. पण तू राहशील."

पूर्णिमानं खिरीची वाटी तशीच खाली ठेवली.

जेवणं उरकली, माणसं पांगली. चंद्रभागाबाई मोरीत खिरीचं पातेलं घासत होत्या. पूर्णिमा दाराशी जाऊन उभी राहिली.

"आई, गाठ नव्हती."

"रिपोर्ट आला?" पातेलं तिथेच थांबलं.

"नव्हतीच कधी. मी खोटं बोलले. मी छाती मोठी करून घेतली. आत दोन्हीकडे पिशव्या बसवल्यात, सिलिकॉनच्या."

पिशव्या हा शब्द मला लागला, पण तक्रारीची वेळ नव्हती.

चंद्रभागाबाईंनी पातेलं विसळलं, पालथं घातलं. "म्हणजे काढलं नाही," त्या म्हणाल्या. "घातलं."

"हो."

"आणि मी सगळ्या वस्तीला बसवून तुझ्यासाठी पाठ केला."

"हो."

त्या मोरीच्या कठड्यावर बसल्या आणि रडल्या. आवाज न करता, ओले हात तसेच पुढे धरून. "मनातल्या मनात तुला पोचवून आले होते मी, पूर्णे," त्या म्हणाल्या. "रोज."

त्यानंतर घरातलं प्रेमळ बोलणं बंद झालं. साधंही बंद झालं. डबा मात्र रोज भरलेला असे आणि त्यात तिच्या आवडीची मेथी असे. पूर्णिमाला त्या मेथीचाच जास्त त्रास होई.

मी अजून वरच होतो.

एका सकाळी पट्टा बांधताना पूर्णिमाचा धीर सुटला. तिनं फोनवर दुसरा एक डॉक्टर शोधला होता. तो म्हणे लगेच उघडून सरळ करून देईल. ती आरशासमोर हुंदके देत होती, तेव्हा चंद्रभागाबाई दारात आल्या.

"आता काय?"

"उजवा खालीच येत नाही. वाकडी झालेय मी. मी उद्या दुसरीकडे जाऊन पुन्हा उघडून घेणार."

चंद्रभागाबाई आत आल्या आणि पलंगावर बसल्या. "एक सांग. कुणासाठी केलंस?"

"कुणासाठी म्हणजे?"

"कुणी आहे का?"

"नाही. शाळेत मला फळी म्हणायचे, आई. फळी पुसून घ्या म्हणायचे, आणि वर्ग हसायचा. मी हसायचे सगळ्यांबरोबर. अजून साइटवर जाकीट काढत नाही मी. उन्हाळ्यातसुद्धा."

"मला कधी बोलली नाहीस."

"तू म्हणाली असतीस, अभ्यासाकडे लक्ष दे."

"म्हणाले असते," चंद्रभागाबाईंनी कबूल केलं. मग त्यांनी पट्ट्याकडे बोट केलं. "दाखव."

त्यांनी पाहिलं. त्यांची नजर झडतीची, तिच्यातून काही सुटत नाही. मग म्हणाल्या, "नोकरीभर मी बायका रांगेत बसवल्या. एखादी असायची, सगळ्या बसल्या तरी ही उभीच. नवी आलेली, अंग आखडलेलं. तिच्यावर ओरडून उपयोग नसायचा."

"मग काय करायचीस?"

"जवळ जाऊन उभी राहायचे. बसायची मग. तिच्या वेळेनं." त्यांनी पदराला हात पुसले. "डॉक्टरीणबाईनं कसं दाबायला सांगितलंय?"

त्या दिवसापासून पूर्णिमा स्वतः करायची ते काम आईनं घेतलं. तळवा खरखरीत आणि गरम. पहिल्याच दिवशी त्या मला उद्देशून म्हणाल्या, "बस खाली." इतकी सरळ आज्ञा मला कुणी दिली नव्हती. मी तेव्हाच बसलो असतो. स्नायू ऐकत नव्हता. पण पूर्णिमा हसली, आणि हसताना तो जरासा सैल पडला, हे मला आतून कळलं. दुसऱ्या डॉक्टरला तिनं फोन केला नाही.

मी उतरलो. हळूहळू, कुणाच्या लक्षात येणार नाही इतका. आज दुपारी दोघी कर्वे रस्त्यावर डॉक्टर ऋचांकडे गेल्या होत्या. त्यांनी टेप लावला. "छान. थोडा फरक राहिलाय, तो राहील. आधीही होता." त्यांनी शस्त्रक्रियेपूर्वीचा फोटो दाखवला. उजवी बाजू तेव्हाही वर होती. म्हणजे ज्या गुन्ह्यासाठी मी इतके महिने पट्ट्याखाली काढले, तो मी यायच्या आधीच घडलेला होता. माझी माफी कुणी मागितली नाही.

"हिच्या वडिलांची मिशीसुद्धा एका बाजूनं वर होती," चंद्रभागाबाई म्हणाल्या.

"काही करायचंय का?" डॉक्टरांनी विचारलं.

पूर्णिमानं फोटोकडे पाहिलं, मग आरशात. "नको. राहू दे."

खाली रस्त्यावर आल्यावर तिनं विचारलं, "पोपटमामाला काय सांगायचं?"

"बरी झालीस म्हणून सांगते. खोटं आहे का ते?"

पहिला रिक्षावाला थांबला नाही. दुसरा थांबला आणि येरवडा ऐकून नाही म्हणाला. मग चंद्रभागाबाईंनी आवाज लावला आणि तो हो म्हणाला.

आत्ता रिक्षा बंडगार्डनच्या पुलावर अडकली आहे. चंद्रभागाबाई उजवीकडे बसल्या आहेत. डुलकी लागता लागता त्यांचं डोकं लेकीच्या खांद्यावर आलं, तिथून घसरून माझ्यावर. पूर्णिमानं जाकीट काढून मांडीवर घेतलंय आणि ती जराही हलत नाहीये. मला ज्यांनी बनवलं, त्यांनी अशा वापराची चाचणी घेतली नव्हती. पण जमतंय मला.

एकच विनंती आहे. मागच्या गाड्यांमध्ये कुणी असाल, तर कृपा करून हॉर्न वाजवू नका.