क्रांतीची पाटी

"आत्ताच पाणी दिलं की तुला! परत गार?"

क्रांतीनं पेला ढकलला. चुलीपुढं पाणी सांडलं आणि अपेक्षाचं डोकंच सणकलं. नऊ वर्षांची पोर, जन्मापासून तोंडातून एक शब्द नाही. गळ्यात चित्रांची पाटी, आणि बोट तिच्यातल्या एकाच चौकोनावर: गार.

पाटी सुहासिनीबाईंची. अशा मुलांना शिकवायला त्या दर गुरुवारी साताऱ्याहून कोरेगावला यायच्या. पहिल्याच दिवशी अपेक्षानं त्यांना विचारलं होतं, "आवं बाई, हे गार, मऊ, जड शिकून काय करायचं? हिला आई म्हणायला शिकवा की. लय जीव आसुसलाय माझा."

"तेही शिकेल. पण तिला काय जाणवतं, ते कळायला हे शब्द हवेत. तिनं गार दाखवलं की लगेच पाणी देऊ नका. काय गार आहे, ते विचारा."

सासूबाईंना, शालूबाईंना, ते पटलं. नातीला कुशीत घेऊन त्यांचा रोज तोच खेळ. गोधडी मऊ. पाटा जड. माठ गार. अपेक्षाला कुठला एवढा वेळ! नवरा पलटणीत, रानात ऊसतोड चाललेली. गार म्हटलं की पाणी द्यायचं आणि मोकळं व्हायचं.

आजही तिनं पुन्हा पेला भरला. क्रांतीनं तो उडवलाच. पाटीवर बोट आपटलं, आईचा पदर ओढला.

"काय छळ मांडलायस गं! जा, आजीला सांग जा!"

क्रांती हलेना. शेवटी अपेक्षा चरफडत उठली आणि तिच्यामागं आतल्या खोलीत गेली. शालूबाई भिंतीकडं तोंड करून निजल्या होत्या. क्रांतीनं आईचा हात धरून आजीच्या गालावर ठेवला आणि पाटीवर बोट ठेवलं.

दुपारी शालूबाईंना नेलं. त्यांच्या जागी पणती लावून बायका पांगल्या. अपेक्षा तिथंच बसून राहिली. पोर सकाळपासून एकटीच सांगत होती आणि आपण पाणी देत बसलो, हे तिच्या काळजातून जाईना.

क्रांती जवळ आली. तिनं आईच्या गालावरून हात फिरवला, हाताकडं पाहिलं. मग पाटीवर बराच वेळ शोधून बोट टेकवलं. ओलं.

अपेक्षानं डोळे पुसायला पदर उचलला होता, तो खाली सोडला.

"व्हय गं बाई," ती म्हणाली. "लय ओलं हाय."