रत्नाबाईंच्या साड्या आणि मी

मी व्हीलचेअर बोलतेय. दचकू नका, माझी गोष्ट दवाखान्यातली नाही. ती एका सहलीच्या तयारीची आहे.

माझा जन्म बेंगळुरूतल्याच एका कारखान्यात झाला. नळ्या वाकवून माझा सांगाडा केला, त्यावर काळं रेक्झिन चढवलं आणि तिथल्याच शिवाजीनगरातल्या एका दुकानाच्या दारात मला घडी करून उभं केलं. तिथून स्मृतीनं मला घेतलं. ती सर्जापूर रोडला राहते, आयटीत काम करते. पण मला तिनं आपल्या फ्लॅटवर नेलं नाही. दुकानामागच्याच गल्लीत, आईवडिलांकडे आणलं.

तिची आई, रत्नाबाई, पाय घसरून पडल्या होत्या. खुब्याचं हाड सांधलं, पण चाल काही पहिल्यासारखी झाली नाही. घरातल्या घरात त्या भिंतीला धरून फिरत. उंबऱ्याबाहेर मात्र पाऊल नाही.

मला बघताच त्या म्हणाल्या, "अय्यो, बेडा बेडा! नको मला हे. या गल्लीनं मला बसच्या मागं पळताना बघितलंय. आता हिच्यात बसलेली बघू दे होय?"

स्मृतीनं मला परत नेलं नाही आणि रत्नाबाई माझ्यात बसल्या नाहीत. मी कोपऱ्यात राहिले. माझ्या मांडीवर वाळलेले कपडे आले, वर्तमानपत्रं आली, एकदा तर फणसही आला. राग कसा येणार? त्या बाईंच्या हातांना सतत काहीतरी आवरायचं असे, आणि मी त्यांना हाताशी सापडे. त्यांचे यजमान उमाजी अण्णा अधूनमधून माझ्या चाकांना तेल घालत. तेही बायको स्वयंपाकघरात असताना.

मग सिंगापूरचं निघालं.

अण्णांना ऑर्किडचं भारी वेड. खिडकीला टांगलेल्या कुंड्यांशी ते सकाळी कानडीत बोलतात, कारण झाडांना तीच कळते असं त्यांचं मत. सिंगापूरच्या बागेतली ऑर्किडं एकदा डोळ्यांनी बघायची, हे ते लग्न झाल्यापासून म्हणत आले होते. स्मृतीनं तिघांची तिकिटं काढली आणि घरात धांदल उडाली.

तयारीत रत्नाबाई सगळ्यांच्या पुढे. शेंगदाण्याची चटणी कुटली, मेतकूट भरलं, अण्णांच्या गोळ्या वेगळ्या बांधल्या. मोबाइलवर सिंगापूरचे व्हिडिओ बघून कुठली मेट्रो कुठं जाते हेही त्यांना पाठ झालं. भांडण झालं ते एका स्वेटरवरून.

"तिथं बारा महिने उकाडा आहे, अहो! स्वेटर कशाला?"

"बेंगळुरूचा माणूस मी. स्वेटर नसला की मला उघडं वाटतं."

स्वेटर बॅगेतून बाहेर निघाला. अण्णांनी तो घडी करून उशीखाली ठेवला, म्हणजे ऐकलं नव्हतं.

निघायच्या दोन दिवस आधीची दुपार. अण्णा दूध आणायला गेले होते. रत्नाबाई बॅगेजवळ बसल्या, आपल्या सुती साड्या एकेक करून बाहेर काढल्या आणि माझ्या मांडीवर ठेवल्या. वर एक टॉवेल पसरला. रिकाम्या जागेत अण्णांचे आणखी दोन शर्ट गेले. मग त्या माझ्या हातावर हात टेकून तशाच बसून राहिल्या. तेव्हा मला कळलं, या बाई येणारच नव्हत्या; आल्या तर माझ्यात बसावं लागलं असतं. निघायच्या सकाळी पाय सुजला म्हणणार होत्या. मला तोंड असतं तर मी ओरडले असते.

ओरडायची गरज पडली नाही. त्या न्हाणीघरात गेल्या आणि अण्णा पाय न वाजवता आत आले. काखेत स्वेटर. बॅगेच्या तळाशी तो कोंबायला त्यांनी हात घातला, तर साड्या कुठंच नाहीत. त्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि माझ्यावरचा टॉवेल उचलला.

रत्नाबाई बाहेर आल्या तेव्हा साड्या पलंगावर होत्या आणि अण्णा माझ्यात बसले होते.

"उठा तिथून! अभद्र कुठलं!"

"रत्ना, मला जरा बाहेर ने."

"वेड लागलं का?"

"तू येणार नाहीस ते कळलं मला. निदान हिच्यात बसून कसं वाटतं ते तरी बघू दे. ढकल."

रत्नाबाईंनी रागारागानं माझ्या मुठी धरल्या आणि मला उंबऱ्यावरून उतरवलं. समोरच्या गॅरेजातला रणजीत हातातला पाना ठेवून धावत आला.

"अण्णा, पायाला काय झालं?"

"काही नाही रे. सिंगापूरची प्रॅक्टिस!" अण्णा म्हणाले. मग मागं वळून हळूच, "रत्ना, इथून सगळ्यांची पोटंच दिसतात गं."

रत्नाबाईंना हसू आलं. हसत हसत त्या मला ढकलत राहिल्या. माझ्या मुठींवर त्यांचा भार होता आणि त्या आधारानंच त्यांची पावलं पडत होती. गॅरेज मागं पडलं, पिठाची गिरणी मागं पडली. कोपऱ्यावरच्या डोशाच्या हॉटेलापाशी त्या थांबल्या. पडल्यापासून त्या इथवर आल्या नव्हत्या. त्यांनी मागं वळून आपल्या घराचं दार बघितलं. बराच वेळ बघितलं.

"दमलीस?"

"हो. उठा आता."

अण्णा उठले. रत्नाबाईंनी आधी पदर सारखा केला, मग माझ्यात बसल्या. किती हलक्या होत्या त्या!

"जेवढं जमेल तेवढं मी ढकलणार, मग तुम्ही," त्या म्हणाल्या. "आणि सावकाश. स्वल्प, जरा खड्डे बघून."

"सरी, सरी, सावकाशच," अण्णा म्हणाले. त्यांनी माझ्या मुठी धरल्या.

साड्या त्याच संध्याकाळी बॅगेत गेल्या. स्मृतीला दोघांनीही काही सांगितलं नाही.

आत्ता मी विमानतळावर आहे. माझ्या नळीला कागदी पट्टी बांधलीय, कारण मला विमानाच्या पोटातून जायचंय. तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी असेल, तर एक विनंती आहे. ज्यांच्यासाठी तिला आणलंय त्यांना बसा बसा म्हणण्याआधी, एकदा तुम्हीच बसून बघा. तेही घरात नाही, गल्लीत.

रत्नाबाई काउंटरवरच्या मुलीला विचारतायत, "हिला आत कुठं आपटणार नाहीत ना? जोपान, जपून न्या हं." मुलगी मान डोलावते. रत्नाबाई पदरानं माझा हात पुसतात, वाकतात आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणतात, "घाबरू नको. मीसुद्धा पहिल्यांदाच चाललेय."