उन्हात वाळवलेली कवळी

मित्रांनो, नाक मुरडू नका. मी एक जुनी कवळी आहे. ठाण्याजवळ बाळकुमला, तुळसाबाईंच्या फळीवर एका स्टीलच्या डब्यात पडून असते. तोंडात राहण्याचं भाग्य मला फार थोडे दिवस लाभलं.

माझ्या मालकीणबाई म्हणजे तुळसाबाईंची थोरली बहीण रंभाबाई. त्या धवलारीण होत्या, म्हणजे आमच्याकडच्या लग्नांत धवले गाऊन लग्न लावणाऱ्या. पुढे मुलगा नाथा अमेरिकेत स्थायिक झाला आणि आईला घेऊन गेला. तिथे त्यांचे दात पडले. तिथल्या डॉक्टरांनी कवळीचा जो आकडा सांगितला, तो ऐकून नाथाने कपाळाला हात लावला. तेवढ्या पैशांत विमानाने भारतात येऊन, ठाण्यात दात बसवून, तुळसाबाईंच्या नातीचं लग्नही पाहून होत होतं. ती नात जनी. माझा धवला रंभाआजीच म्हणणार, असा तिचा हट्ट होता. धवल्यात देवांची आणि पूर्वजांची नावं घ्यायची असतात. बोळक्या तोंडातून ती नीट निघायची नाहीत, याचीच रंभाबाईंना धास्ती होती. एकोणनव्वदच्या हिवाळ्यात त्या आल्या.

नौपाड्यातल्या डॉक्टरांनी मेण दाबून माप घेतलं आणि मला घडवलं. बसवल्यावर आकडे मोजून दाखवा म्हणाले, तर रंभाबाईंनी धवलाच म्हटला. एकेक नाव खणखणीत आलं. डॉक्टर ऐकतच राहिले. मी तर हवेत होते. झोपताना मला पाण्यात ठेवा, असं त्यांनी बजावलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी रंभाबाई अंघोळीला गेल्या. मी पेल्यात होते. तुळसाबाईंनी पाहिलं आणि त्यांचा जीव कळवळला. जन्मभर मासळी हाताळलेली बाई ती. पाण्यात राहिलेली वस्तू कुजते, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. त्यांनी मला स्वच्छ धुतलं आणि बोंबलांच्या शेजारी तापल्या पत्र्यावर मांडलं. कुणाच्या लक्षात येईपर्यंत मी वाकडी झाले होते.

डॉक्टर म्हणाले, नवीन करायला आठवडा लागेल. तुळसाबाई रडायला लागल्या.

"आमचे घरान जा टिकवाचा, ता सुकवाचा. मना काय ठाव?"

रंभाबाईंनी मला एका स्टीलच्या डब्यात ठेवलं आणि म्हणाल्या, "दात इकत घेतलं व्हतं. गला माजाच हाय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी बोळक्या तोंडानेच धवला म्हटला. शब्द निसटला की मागे बसलेल्या बायका तो उचलून धरत. एकही नाव राहिलं नाही. जनी रडत रडत हसत होती. मी डब्यात होते, माझी कुणाला आठवणही झाली नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू?

आठवड्याने माझी धाकटी बहीण तयार झाली आणि रंभाबाईंबरोबर अमेरिकेला गेली. रंभाबाई परत आल्या नाहीत. चार वर्षांनी त्या तिथेच वारल्या. लग्नात कुणीतरी भरून घेतलेली कॅसेट जनी इथे आली की अजून लावते. त्या धवल्यात मी नाही, पण प्रत्येक नाव मला ऐकू येतं.

तेव्हा मित्रांनो, आम्हा कवळ्यांना पाण्यात ठेवा, उन्हात नको. आणि घरातलं म्हातारं माणूस गात असेल, तर दात येईपर्यंत थांबू नका. जवळ बसा आणि निसटलेला शब्द उचलून धरा.