पुढच्या महिन्याचं श्राद्ध

पवित्री पुन्हा सुटली — परदेशातल्या या ॲडम्सटाउनात दर्भ कुठला मिळायला, मागच्या अंगणातलं गवत वळून उपेंद्रने ती मुलाच्या बोटात घातली होती, आणि ओलं गवत वळण धरत नव्हतं. ज्ञानेशने ती अंगठ्याने दाबून धरली. लॅपटॉपवर पुण्याचे गुरुजी थांबले होते. उपेंद्रच्या बायकोचं, वृंदाचं, चौथं मासिक श्राद्ध.

दुसऱ्या चौकटीतून वृंदाची बहीण सुलेखा म्हणाली, "ज्ञान्या, दाढी काय ही! बैरागी झालास की काय?"

ज्ञानेश हसला. हसतो कसा हा, उपेंद्रला वाटलं… शनिवारी त्याचं विमान. सिंगापूरला होतो तेव्हा चांगली शाळा मिळावी म्हणून आपणच त्याला तिथला कायमचा रहिवासी केलं. अठराव्या वर्षी सैन्यात जावं लागेल हे ठाऊक होतं, पण तेव्हा तो सात वर्षांचा, बंदूक म्हणजे पिचकारी… मग आम्ही इथे आलो, मागून तिथल्या सैन्याचं बोलावणं आलं, आणि तो म्हणाला, मी माणूस मारायला शिकणार नाही. तिथे खटला दाखल झाला, आता तो हजर व्हायला निघालाय. इथेच राहिला असता तर कोण धरणार होतं — पण नाही, लपायचं नाही, कोर्टात उभं राहून नकार द्यायचा. वृंदा म्हणाली होती, "नाही म्हणतोय ना तो? मग नाही." मी म्हणालो होतो, लोकांना काय सांगायचं.

"पुढच्या महिन्यालाही चिरंजीवच बसतील ना?" गुरुजींनी विचारलं. "मुलगा असताना दुसरं कोणी कशाला?"

ज्ञानेशने बापाकडे पाहिलं. सांगा, असं नव्हे, नुसतं पाहिलं. पुढच्या महिन्यात तो तुरुंगात असेल — एवढंच तर वाक्य…

"तो कंपनीच्या कामासाठी सिंगापूरला चाललाय," उपेंद्र म्हणाला. "मोठं प्रोजेक्ट आहे."

"अगंबाई! आणि मला पत्ता नाही, भावजी?" सुलेखाला खरंच आनंद झाला. "ताईला किती बरं वाटलं असतं!"

ज्ञानेशने माइक बंद केला. आता बोलेल, असं उपेंद्रला वाटलं, बोलावं, ओरडावंसुद्धा.

"इट्स ग्रँड, बाबा," तो म्हणाला, इथल्या बोलीतलं ‘असू दे’ — दुकानात चुकून धक्का लागलेल्या म्हाताऱ्याला म्हणावं तसं — आणि माइक चालू केला.

गुरुजींनी आईचं नाव घ्यायला सांगितलं. इथल्या हेलात, पण नीट, त्याने ते घेतलं. उपेंद्र मागे बसून त्याच्या पाठीकडे बघत राहिला. या पोराची लाज वाटते, असं इतके दिवस धरून चाललो होतो मी… आता शोधली तर ती लाज त्याच्याबद्दलची कुठे नव्हतीच. त्याने मागे वळून पाहू नये, एवढंच वाटत होतं.