धुतलेला पिंजरा

"ओ, दूध जळी गयं ना! तुम्हले वास नही उना?"

नळावरून आणलेली कळशी दारातच आदळून सुंदरा आत धावली. शेगडीवरचं पातेलं काळं ठिक्कर पडलं होतं, आणि हातभर अंतरावर वाल्मिक मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसला होता. सुंदराने आधी गॅस बंद केला नाही. आधी खिडकीजवळचा पिंजरा उचलून गॅलरीत नेला. आत हिरा, मुठीत मावेल एवढं पिवळं लव्हबर्ड, पंख झटकत होतं. मग गॅस, आणि मग नवरा.

"ध्यान नही राहिनं," तो ओशाळून म्हणाला.

"नाक काय गहाण ठी दिनं का?"

हिरा मुळात लेकीचा. हर्षदा लग्न होऊन कामरेजला गेली आणि सासऱ्यांना पिसांचा त्रास म्हणून पाखरू माहेरीच राहिलं. जाताना तिने आईला दहादा बजावलं होतं, "माय, पिंजऱ्याला फिनाईल नको, ब्लीचिंग नको, अगरबत्ती तर लांबच. अर्धा व्हिनेगर, अर्धं पाणी, त्याने पुसायचं. चिकटलेल्या घाणीवर खायचा सोडा. मग साध्या पाण्याने धुवून उन्हात वाळवायचं. पक्ष्याची छाती लई नाजूक असते. उग्र वास कोंडला की संपलंच."

सुंदराने आयुष्यात एवढं कडक कुठलंच व्रत पाळलं नसेल. देवांची अगरबत्तीसुद्धा गॅलरीत गेली. "आता देव बाहेर आन् पाखरू घरात!" शेजारची मंदा हसायची. हसो बापडी. लेक गेल्यापासून नवागामच्या त्या एका खोलीत हाक मारली की उलट बोलणारं हे एवढंच काय ते उरलं होतं. वाल्मिक घरी असला तरी बोलायचा कुठे? पांडेसऱ्याच्या एका डाईंग मिलमध्ये, रंगाच्या टाक्यांच्या वाफेत, त्याचं निम्मं आयुष्य गेलं होतं. आल्यावर भिंतीला टेकायचा, खोकायचा आणि झोपायचा.

एका गोष्टीचा मात्र त्याला अभिमान होता. "मिलमा नाक हाऊच आपला वॉचमन शे," तो म्हणायचा. "वास उना की पळनं." कधीकाळी गॅसचा वास सगळ्यांत आधी त्यालाच आला होता आणि ओरडून ओरडून त्याने अख्खं खातं बाहेर काढलं होतं. त्या खात्यातला उखा अजून रस्त्यात भेटला की हात जोडायचा.

दूध जळलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सुंदरा दिंडोलीला बारशाला गेली. मिलला सुट्टी होती. निघताना ती सहज म्हणाली, "पिंजरा धुवाना राही गया. व्हिनेगर सरनं."

संध्याकाळी परतताना जिन्यातच तिचे डोळे चुरचुरले. वरच्या पायरीवर घशात काटा रुतल्यासारखं झालं. दार आतून बंद होतं. वाल्मिकने उघडलं आणि आतली हवा अशी अंगावर आली की सुंदरा एक पाऊल मागेच सरकली.

वाल्मिक हसत होता. कितीतरी दिवसांनी हसत होता. "दख, कसा चकचकीत करी टाका!"

त्याने सगळं मन लावून केलं होतं. फिनाईलला हात लावला नव्हता. व्हिनेगर म्हणजे आपलं ॲसिटिक ॲसिडच, मिलमध्ये रंग पक्का करायला पिंपाने लागतं, हे त्याला पाठ होतं. मिलमधून आणलेली त्या कडक ॲसिडची एक बाटली घरात कधीची पडून होती. तीच त्याने गरम पाण्यात ओतली. वास घेतला, फिकं वाटलं, म्हणून अजून थोडं ओतलं. पाखरू बाहेर काढलं, ते उडून जाऊ नये म्हणून दार-खिडकी लावून घेतली. पंख्याला धडकू नये म्हणून पंखाही बंद केला.

"हिरा कोठे शे?"

"निजना वाटतं."

हिरा कपाटावर नव्हता, दोरीवर नव्हता. कपाटामागच्या फटीत, फरशीवर सापडला. सुंदराने त्याला ओंजळीत घेऊन गॅलरीत धाव घेतली. त्याने एकदा चोच उघडली. मिटली नाही.

मग ती फिरली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, रडण्याचं आणि त्या वासाचंही. "इतला वास! माणूस मरी जाई, इतला वास! तुम्हले समजनं नही?"

"कसाना वास?" वाल्मिक म्हणाला.

तो खोटं बोलत नव्हता. त्याचेही डोळे लालभडक झाले होते, पण ते तर रोजच होतात. सुंदराच्या तोंडातली शिवी तोंडातच राहिली. तिला कालचं दूध आठवलं. दिवाळीत गॅसची नळी गळत होती आणि हा त्या नळीशेजारीच खुशाल झोपला होता, ते आठवलं. तिने मोरीजवळची बाटली उचलून त्याच्या नाकाखाली धरली. वाल्मिकने भोळेपणाने छातीभरून श्वास घेतला, खोकला, आणि म्हणाला, "पानी शे."

 त्या रात्री पाखरासाठी रडायचं तिला सुचलंच नाही.

सकाळी तिने कांदा-खोबरं चांगलं खरपूस भाजलं, तेलात मसाला घातला. त्याच्या आवडीची शेवभाजी. पूर्वी या वासाने तो जिन्यातूनच हाक मारायचा.

"आज शेवभाजी का व?" भिंतीपलीकडून मंदाने विचारलं.

वाल्मिक शेगडीपाशीच बसून बूट घालत होता. धुतलेला पिंजरा त्याच्या डोक्यावर खिळ्याला लटकत होता. सुंदरा श्वास रोखून त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"काय शे आज डबामा?" त्याने विचारलं.

बाहेर मिलची रिक्षा हॉर्न वाजवत होती. तो उठला आणि डब्यासाठी त्याने हात पुढे केला. सुंदराने डबा सोडला नाही.